न्यूरॉनमधल्या ऑटोफॅजीवर काम सुरू करताय? आधी फ्लक्स समजून घ्या

ऑटोफॅजी म्हणजे पेशीनं स्वतःचाच कचरा पिशव्यांत (ऑटोफॅगोसोम) भरून लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनकक्षात, पचवणं; भरण्यापासून निचऱ्यापर्यंतचा हा प्रवाह म्हणजे फ्लक्स. त्यावरचं योशिनोरी ओसुमींचं २०१६चं नोबेल, यीस्ट, ऑटोफॅजी चालवणारी एटीजी जीन्स हे सगळं नेट परीक्षेच्या अभ्यासात झालेलं असतंच. न्यूरॉनचं वेगळेपण मात्र पक्कं करा. तो विभागत नाही, त्यामुळे साठलेली घाण दोन पेशींत वाटून हलकी होत नाही. २००६ मध्ये उंदरांच्या मज्जापेशींतून एटीजी५ आणि एटीजी७ काढल्याचे दोन जपानी पेपर आले. कुठलंही रोगकारक प्रथिन बाहेरून न घालता पेशींत प्रथिनांच्या गुठळ्या झाल्या, उंदरांची हालचाल बिघडली. हे पेपर मुळातून वाचा. नुसत्या रिव्ह्यूंवर पीएचडी निघते म्हणणाऱ्या सीनियरचं अजिबात ऐकू नका.

आता खरा खड्डा. माझे कित्येक महिने यातच गेले. ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) एलसी३-२चा, म्हणजे ऑटोफॅगोसोमच्या पडद्याला चिकटलेल्या एलसी३ प्रथिनाचा, बँड जाड दिसला की ‘ऑटोफॅजी वाढली’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका! ऑटोफॅगोसोम जास्त तयार झाले तरी बँड वाढतो, आणि लायसोसोममध्ये त्यांचा निचरा थांबला तरीही वाढतो. रस्त्यावर कचऱ्याच्या गाड्यांची रांग दिसली म्हणजे सफाई जोरात आहे असं नाही, डेपोचं फाटकही बंद असू शकतं. अल्झायमर्सच्या मेंदूत सुजलेल्या तंतूंमध्ये अशीच गर्दी दिसते. शिवाय ॲक्सॉनच्या, म्हणजे न्यूरॉनच्या लांब तंतूच्या, टोकाला तयार झालेला ऑटोफॅगोसोम पेशीच्या मुख्य भागाकडे लांबचा प्रवास करतो. ती वाहतूक अडली तरी साठा होतोच.

म्हणून प्रत्येक सँपल जोडीनं चालवा: लायसोसोममधला निचरा थांबवणाऱ्या बॅफिलोमायसिनसह आणि त्याशिवाय. दिल्यावर बँड आणखी चढला तर प्रवाह चालू आहे. जराही चढला नाही, तर निचरा आधीच तुंबलेला असण्याची शंका घ्या. सोबत पी६२ हे ऑटोफॅजीत स्वतःच पचून जाणारं प्रथिन पाहा, पण त्याचं जीनच जास्त चालू झालं तरी पातळी वाढते, म्हणून आरएनएही तपासा. एलसी३-२ची तुलना ॲक्टिन या नेहमीच्या संदर्भ-प्रथिनाशी करा, एलसी३-१शी (एलसी३चं पडद्याला न चिकटलेलं रूप) नको. अँटिबॉडी दोन्ही रूपांना सारखी धरत नाही.

बॅफिलोमायसिन महाग आहे. क्लोरोक्वीननंही सुरुवात होते. डोस मात्र स्वतः बसवा, दुसऱ्या लॅबचा आकडा उचलू नका, प्रायमरी न्यूरॉन नाजूक असतात. सुरुवातीची कल्चर मरतात, सगळ्यांचीच मरतात, खचू नका.

गाईड निवडताना एवढंच बघा: तो न कापलेला पूर्ण ब्लॉट मागतो का? मागत असेल तर त्याचा कडक स्वभाव खुशाल सोसा.