दोनच पोस्ट, पण दर आठवड्याला

चतुर्थीच्या गडबडीत खानावळीचं इन्स्टाग्राम महिनाभर ओस पडतं, मग गिऱ्हाईक विचारतं, "बंद केलंत काय?"

१. महिन्यातून एकदा, दुपारी जेवणावळ आटपली की आठ फोटो काढून ठेवा. सोलकढी, खतखतं, चुलीवरची कढई, काहीही चालतं. (रोज एक टाकण्याचा हट्ट नको, तो दहा दिवसांत मोडतो.)

२. मेटा बिझनेस सूट (इन्स्टाग्राम-फेसबुकच्या पोस्ट सांभाळायचं मेटाचंच अ‍ॅप) फुकट आहे. त्यात आठही पोस्ट एकदम शेड्यूल करा: मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा. भूक लागायच्या आधी.

फक्त माशांची पोस्ट आधीपासून शेड्यूल करू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे ट्रॉलर (मोठ्या मच्छीमार बोटी) बंद असतात. आमची 'ताजी इसवण' (सुरमई) नेमकी त्यातच झळकली होती.