विदर्भातून दुबईला जाताय? बुर्ज खलिफा असा पाहा

तूर निघाली, कापसाचे चुकारे हाती आले, की फेब्रुवारीत दुबईचा बेत करायला हरकत नाही. तेव्हा तिथली हवा सुखाची असते. पण ८२८ मीटरची ही इमारत खालूनच मान वर करून पाहणारे आणि तसेच परतणारेही बरेच असतात. चूक बहुतेक वेळा घरूनच, बुकिंग करताना झालेली असते.

टूरच्या कागदावर ‘बुर्ज खलिफा फोटो स्टॉप’ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ बाहेरून फोटो, वर जाणं नाही. ‘१२४ वा मजला, नॉन-प्राइम’ म्हणजे वर जायला मिळेल, पण सूर्यास्ताच्या आसपासची महाग वेळ सोडून. म्हणून पैसे भरण्याआधी एजंटकडून मजला आणि वेळ, दोन्ही लिहून घ्या. १२४ आणि १२५ व्या मजल्यांचं तिकीट एकच असतं. १४८ वा मजला ५५५ मीटरवर आहे आणि त्याचं तिकीट बरंच महाग. पहिल्यांदा जाणाऱ्याला १२४ पुरेसा आहे. उरलेल्या पैशात सूर्यास्ताची वेळ घ्या. हिवाळ्यात पहाटे धुकं असतं आणि उन्हाळ्यात दुपारी धुळीचा पडदा, त्यामुळे संध्याकाळच बरी. फेब्रुवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेचार-पाचची वेळ मागा. ती दुबईची वेळ, आपल्यापेक्षा दीड तास मागे.

बॅग भरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: खसखस नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे आणि ती सापडली तर तुरुंगापर्यंत जावं लागतं. खसखस घातलेला सावजी मसाला किंवा दिवाळीचे उरलेले अनारसेही घरीच राहू द्या. खर्ऱ्याची पुडीही नको.

तिथे मेट्रोने जाणं सोपं. नोल कार्ड (मेट्रोच्या भाड्याचं कार्ड) घ्या, रेड लाइनच्या ‘बुर्ज खलिफा/दुबई मॉल’ स्टेशनवर उतरा. मेट्रोत खाणं, च्युइंगम चघळणं किंवा महिलांच्या डब्यात पुरुषांनी बसणं, या प्रत्येकाला १०० दिरहमचा (दिरहम हे तिथलं चलन) दंड आहे. स्टेशनपासून मॉलपर्यंत सुमारे ८०० मीटरचा थंडगार बंद पूल आहे. बरेच जण इथेच फसतात. पूल संपला म्हणजे पोहोचलो असं नाही. वर जायचं प्रवेशद्वार मॉलच्या लोअर ग्राउंड मजल्यावर, बरंच आत आहे. म्हाताऱ्या माणसांसोबत तिकिटाच्या तास-दीड तास आधीच मॉलमध्ये असा आणि दुकानं परतीला ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची खूण म्हणून मॉलमधलं मत्स्यालय ठरवा. त्याची एक कोटी लिटरची टाकी बाहेरूनच, फुकट दिसते.

लिफ्ट सेकंदाला १० मीटर चढते, मिनिटभरात वर. कानात दडे बसतात. थुंकी गिळत राहा, लहान मुलांना पाण्याचा घोट द्या. वर पोहोचल्यावर आधी १२४ वरच्या उघड्या गच्चीवर जा. तिथल्या काचांमध्ये फटी आहेत, मोबाइल तिथून धरला की काचेची चमक फोटोत येत नाही. मग बघत बसा. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे वाळवंट, मध्ये शेख झायेद रस्त्यावर लागत जाणारे दिवे. खाली तळ्याजवळ २०१६ मध्ये सुरू झालेलं दुबई ऑपेरा शोधा. अरबी गलबतासारखा त्याचा आकार वरून चांगला कळतो. वर सूर्य उशिरा मावळतो. म्हणूनच २०११ मध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांना रोजा दोन मिनिटं, आणि १५० च्या वरच्यांना तीन मिनिटं उशिरा सोडायला सांगितलं होतं.

सूर्य बुडताच सगळे एकदम उतरायला निघतात आणि लिफ्टची रांग लांबते. अंधार पूर्ण पडेपर्यंत थांबा, शहर तेव्हाच उजळतं.

खाली आल्यावर खरेदी. एका दुकानात किमान २५० दिरहमची खरेदी झाली आणि दुकान पर्यटकांना कर परत देण्याच्या योजनेत असलं, तर पासपोर्ट दाखवून ‘टॅक्स फ्री’ पावती मागा; ५ टक्के करातला बहुतांश भाग विमानतळावर परत मिळतो. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो काढू नका.

इमारतीच्या पायथ्याच्या तळ्यातलं कारंजं मात्र वरून नाही, खालून पाहायचं. संध्याकाळी साधारण अर्ध्या तासाने खेळ होतो आणि पाणी १५० मीटरपर्यंत उडतं. कठड्याजवळची जागा हवी तर दहा मिनिटं आधी धरा. रात्रीच्या शेवटच्या खेळानंतर मेट्रोच्या पुलावर गर्दी होते, म्हणून त्याच्या आधीचा खेळ पाहून निघा.