अक्कलदाढेचा ठणका आणि दोन गोळ्यांची जोडी
म्हापशात अक्कलदाढ काढली. भूल उतरली तसा जबडा ठणकायला लागला आणि नुसत्या पॅरासिटामॉलने भागेना. दंतवैद्यांना फोन केला. अल्सर, किडनी, दमा, रक्त पातळ करायची गोळी, सगळं विचारून घेतलं त्यांनी. काहीच नव्हतं, म्हणून जोडीला ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन सांगितलं, तेही पेज खाऊन मगच. रात्री शांत झोप लागली.

आयबुप्रोफेन दुखऱ्या जागी सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं कमी करतं. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्थेत काम करतं. वाटा वेगळ्या, म्हणून ही जोडी जमते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक मात्र एकाच जातीची. ती एकत्र घेतली तर आराम फारसा वाढत नाही, पोटात रक्तस्रावाचा धोका नक्की वाढतो.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचाच. कॉम्बिफ्लामच्या गोळीत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आधीच असतात, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसाने दिवसात पॅरासिटामॉलची ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली की यकृताला धोका. आणि आपल्याकडे पावसाळ्यात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल, तर आयबुप्रोफेन नकोच. डॉक्टरांना दाखवेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.