भिंगरीसाठी घर शोधताना: फॉस्टरच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

भिंगरी ही रस्त्यावरची कुत्री मला पुण्यात नवले पुलाच्या अलीकडे, सेवा रस्त्यावरच्या चहाच्या टपरीमागे भेटली. टेम्पोनं तिला उडवलं तेव्हा टपरीवाले काका समोरच होते. मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते आणि ती पुढच्या पायांवर जोर देऊन एकाच जागी गरगर फिरत होती. काकांच्या लेकीनं तिचं नाव भिंगरी ठेवलं, तेच पुढे केसपेपरवर लागलं. टपरीच्याच एका फळीवर आडवी घेऊन आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मणक्याला मार असेल तर कुत्र्याला काखेत धरून कधीच उचलू नका. फळी घ्या, नाहीतर चौघांनी चादर ताणून धरा.

मी पुण्यात एका ऑफिसात हिशेबाचं काम करते आणि गेली आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी जखमी कुत्र्यांचं काम बघते. धडधाकट पिल्लांना घरं मिळवून देणं मला जमत होतं. भिंगरीसाठी तात्पुरतं घर (फॉस्टर) मिळायला मात्र अकरा आठवडे लागले आणि त्यातले पहिले सहा मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. तुमचे ते सहा आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

घराची गरज का, ते आधी सांगते. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं रस्त्यावरचं कुत्रं साधारणपणे जिथून उचललं तिथंच परत सोडतात. धडधाकट कुत्र्यासाठी ते बरोबरच आहे, ती त्याची जागा असते. पण ज्याला गाडी आल्यावर बाजूला होता येत नाही त्याला पुलाखाली कसं सोडणार? आणि शेल्टरमध्ये सिमेंटच्या फरशीवर शरीर घासत राहिलं की आठवड्याभरात मांडीला, कमरेला जखमा होतात. पावसाळ्यात त्यावर माशी बसली तर किडे पडायला एक दिवसही पुरतो. शिवाय तिथं वीस-पंचवीस कुत्र्यांमागे दोन माणसं. अशा कुत्र्याला मऊ जागा आणि रोज तेच तेच हात लागतात. फॉस्टर म्हणजे ते तात्पुरतं घर. दत्तक घेणारा कायमचा मालक होतो. फॉस्टर ठरलेल्या मुदतीपुरतं सांभाळतो आणि जबाबदारी संस्थेची किंवा तुमची राहते. हा फरक समोरच्याला पहिल्याच फोनवर सांगा. पुष्कळ लोक ‘कायमचं गळ्यात पडेल’ या भीतीनं मागे हटतात.

घर शोधायला लागण्याआधी कागद पूर्ण करा. पशुवैद्यांकडून चार ओळी लिहून घ्या: इजा कुठं आहे, पायाचं बोट जोरात दाबल्यावर आत खोलवर दुखल्याचं कळतं का, लघवी आपोआप होते की काढावी लागते, आणि सुधारणा किती अपेक्षित आहे. दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मोठ्या अपघातानंतर खोलवरची संवेदनाच गेली असेल तर कुत्रं पुन्हा नीट चालण्याची शक्यता फार कमी असते. भिंगरीची गेली होती. हे लपवून ‘थोड्या दिवसांत चालायला लागेल’ असं सांगणं म्हणजे कुत्र्याची आणि त्या घराची, दोघांचीही फसवणूक.

आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. अपघात कुणी पाहिलेला नसेल, अंगावर जखम नसेल आणि तरी कुत्रं अचानक लुळं पडलं असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तर ते रेबीज असू शकतं. रेबीजचं कुत्रं नेहमी चावतच सुटतं असं नाही, मुका रेबीजही असतो. अशा कुत्र्याला पशुवैद्यांनी ‘रेबीज नाही’ असं म्हणेपर्यंत कुणाच्याही घरी पाठवू नका, तोंडात हात घालू नका. रेबीज झाल्यावर उपचार नाही. या कामात येणाऱ्या प्रत्येकानं डॉक्टरांना विचारून आधीच प्रतिबंधक लस घ्यावी. त्याचे डोस साधारण ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी असतात. तरीही कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधी लस झाली आहे म्हणून घरी बसू नका.

आता त्या सहा आठवड्यांबद्दल. मी भिंगरीचा फोटो टाकला होता, ओल्या डोळ्यांचा, आणि खाली लिहिलं होतं की या मुक्या जिवाला कुणी आधार देईल का. तो शेकडो लोकांनी पुढे पाठवला. फोन आले सात. पाच जणांना तिला पैसे पाठवायचे होते, एकाला तिला मारून मोकळं करा असं सांगायचं होतं, आणि एका तरुण जोडप्यानं घरी नेलं. सहावा मजला, दोघांचं घरून काम, मन खरंच चांगलं. नवव्या दिवशी ती परत आली. चूक पूर्णपणे माझी होती. मी त्यांना सांगितलं होतं, ‘दिवसातून तीनदा डायपर बदलायचा, बस.’ प्रत्यक्षात तिचं मूत्राशय हातानं दाबून रिकामं करावं लागत होतं. डायपर ओला दिसायचा म्हणून त्यांना वाटायचं की लघवी होतेय. ती भरून वाहणारी लघवी होती. आत साठून राहिली, संसर्ग झाला, ताप आला. ती मुलगी दवाखान्याच्या बाकावर बसून रडली आणि पुन्हा कधी कुठलंही कुत्रं घ्यायला तयार झाली नाही. मी एका शब्दानं कामाचं ओझं हलकं करून सांगितलं, त्यात आम्ही एक चांगलं घर कायमचं गमावलं.

त्यानंतर मी जाहिरात अशी लिहिली: ‘भिंगरी. मादी, अंदाजे दोन वर्षं, १४ किलो. नसबंदी झालेली, रेबीजची आणि नाइन-इन-वन (अनेक आजारांची एकत्रित) लस झालेली. मागचे पाय कायमचे गेलेले, चालणार नाही. लघवी दिवसातून चार वेळा हातानं काढावी लागते, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. आम्ही आठ दिवस रोज येऊन शिकवू. अनोळखी माणसावर भुंकते, पण अजून कधी चावलेली नाही. इतर कुत्री चालतात, मांजर चालत नाही. मुदत ४५ दिवस. औषध, डायपर, दवाखाना यांचा खर्च आमचा. नाही जमलं तर २४ तासांत परत घेऊन जाऊ.’ फोटो ओल्या डोळ्यांचा न लावता ती अंडं खातानाचा लावला आणि सोबत लघवी काढतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दिला. फोन कमी आले, तीनच. पण तिघंही कामाचे प्रश्न विचारत होते.

त्यातला एक फोन धायरीहून होता. निवृत्त परिचारिका मावशी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पाठीवर कुठं लाल झालंय का?’ मला त्या क्षणी कळलं की मी आजवर कुत्र्यांची आवड असणारी माणसं शोधत होते आणि मला हवी होती ती सेवा केलेली माणसं. मावशींनी त्यांच्या सासूबाईंचं चार वर्षं अंथरुणात सगळं केलं होतं. लघवीचा वास, दर काही तासांनी कूस बदलणं, जखमेला पावडर लावायची की मलम, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं. घरात आधी कुत्रं कधीच नव्हतं. तेव्हापासून मी अशा कुत्र्यांसाठी आधी अशाच घरांत विचारते: निवृत्त परिचारिका, घरी कुणाची तरी दीर्घ शुश्रूषा केलेले, फिजिओथेरपीची मुलं, गोठा असलेली धायरी-खडकवासल्याकडची कुटुंबं. पशुवैद्यांच्या कंपाउंडरना विचारा, कोणतं घर औषध वेळेवर देतं ते त्यांना माहीत असतं. एवढं वर्तुळ फिरल्यावर मग समाजमाध्यमांकडे जा.

घर बघायला स्वतः जा. मी बघते ती फरशी. गुळगुळीत टाइल्सवर मागचं अंग फेकलं जातं. तिथं रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी घालायची तयारी आहे का? तळमजला किंवा लिफ्ट आहे का? दुपारी घरी कोण असतं? आणि फोन करणारा बहुतेक वेळा कॉलेजातला मुलगा असतो, पण चादरी धुणारी त्याची आई असते. आईशी वेगळं, स्वयंपाकघरात बसून बोला. ती ‘बघू’ म्हणाली तर नाही समजा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी त्याच्या तोंडून ऐका. घरात आधीचं कुत्रं असेल तर त्याचं लसीकरणाचं पुस्तक बघा आणि नव्याला पहिले चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायला सांगा. गेल्या काही महिन्यांत त्या घरात पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार) झालेलं पिल्लू असेल तर लस न झालेलं पिल्लू तिथं अजिबात देऊ नका, तो विषाणू फरशीवर आणि अंगणात महिनोन्महिने टिकतो.

सोसायटीचा प्रश्न येतोच. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानंही कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू न देणंही चालत नाही. ती प्रत पिशवीत ठेवा, पण आधी बाहेर काढू नका. मी कुत्रं यायच्या आधी चेअरमनकाकांकडे जाते, लसीचं कार्ड दाखवते, जिन्यात लघवी सांडली तर कोण पुसणार ते सांगते. दहात आठ वेळा तेवढ्यावर भागतं. उरलेल्या दोन वेळा ती प्रत कामाला येते.

मूत्राशय रिकामं करायला शिकवणं हा या कामाचा कणा आहे, म्हणून थोडं सविस्तर. मागच्या पायांच्या अगदी पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंनी सपाट बोटं ठेवायची. आत संत्र्याएवढा फुगा लागतो. हळूहळू, न थांबता, दोन्हीकडून सारखा दाब मागच्या दिशेनं द्यायचा. बोटांची टोकं रुतवायची नाहीत, धक्के द्यायचे नाहीत, आणि लघवी येत नसेल तर जोर वाढवायचा नाही, कारण मूत्राशय फाटू शकतं. काहींचं मूत्राशय फार घट्ट असतं, ते सैल होण्यासाठी पशुवैद्य औषध देतात. हे वाचून करायचं काम नाही. पशुवैद्यांसमोर किमान तीनदा करून दाखवल्याशिवाय मी कुणाला कुत्रं देत नाही. लघवी गढूळ झाली, तिला उग्र वास आला, त्यात रक्त दिसलं किंवा बारा तास काहीच आलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना.

सोबत देण्याच्या पिशवीत मी हे भरते: शेपटीसाठी भोक पाडलेले लहान मुलांचे मोठ्या मापाचे डायपर (ते फिरताना आणि रात्रीपुरतेच, दिवसभर बांधले तर कातडी सोलते), जुन्या सुती साड्यांच्या घड्या, रेनकोटच्या कापडाची शिवून घेतलेली पिशवी, जी मागच्या अंगावर चढवली की घासत नाही, थर्मामीटर, आणि औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माणसाच्या हिशेबानं ते ताप वाटून लोक घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी देऊन बसतात. दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात. हे कागदावर लाल पेनानं लिहा. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नका, हेही लिहा. मागचं अंग उचलून धरणारी चाकांची गाडी लगेच देऊ नका. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटंच, तीही कुणीतरी समोर असताना, कारण गाडीत असताना कुत्र्याला आडवं होता येत नाही.

पैशांबद्दल लाजू नका. भिंगरीचा महिन्याचा खर्च डायपर, औषध आणि खाणं धरून चार हजारांच्या आसपास जातो. देणगी देणाऱ्यांना मी ‘दर महिन्याला डायपरचे पाचशे’ असं मागते. एकदम पाच हजार देणारे पुढच्या महिन्यात सापडत नाहीत, पाचशेवाले सापडतात. एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या: मुदत, खर्च कुणाचा, शस्त्रक्रियेचा निर्णय कुणाचा, रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा. पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी फोन करा. ‘कशी आहे?’ असं विचारलं तर ‘बरी आहे’ एवढंच ऐकू येतं. ‘आज चार वेळा झाली का? रंग कसा होता? तुमची झोप झाली का?’ असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला जे थोडं थांबून उत्तर देतात, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊन एक रात्र सांभाळायला बसा. दोन-तीन घरं मी अशी परतीच्या उंबरठ्यावरून थांबवली आहेत. दिवाळीच्या आठवड्यात तर न विचारताच जा. फटाक्यांना घाबरून पळता न येणारं कुत्रं स्वतःचेच पाय चावू शकतं.

पंचेचाळीस दिवस पूर्ण झाले तेव्हा मी कागद आणि रिकामी पिशवी घेऊन धायरीला गेले. मावशींच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात चार छोट्या टिकल्या, निळ्या पेनानं, एकही चौकोन रिकामा नाही. पुढच्या महिन्याचं पान उलटून त्यांनी तिथंही वेळा आधीच लिहून ठेवल्या होत्या. ‘पावसाळा संपू दे, मग बघू,’ म्हणाल्या. त्याला दोन पावसाळे झाले. कागदावर अजून फॉस्टर असंच लिहिलेलं आहे, मुदतवाढीच्या सह्यांनी मागचं पान भरलं म्हणून मी तिसरं जोडलंय.