‘किती’ टाइप करायला किती दिवस लागले

भाषांतराच्या कामात पहिली दोन वर्षं मी रोमन अक्षरांतूनच मराठी टाइप केलं. इंग्रजी अक्षरं बडवायची आणि खाली येणाऱ्या यादीतून शब्द उचलायचा. गप्पा मारायला ठीक. पण दिवसभर तेच करायचं तर नजर सारखी यादीवर, आणि ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ कधी निसटलं ते कळत नाही.

मग इनस्क्रिप्ट शिकले, म्हणजे भारतीय लिपींसाठीची कीबोर्डवरची अक्षरमांडणी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘के’वर क, शिफ्ट धरून ख, ‘एल’वर त, शिफ्ट धरून थ. टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेला असेल, तर पहिल्या वेलांटीलाच अडाल. तिथे ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी मारतात. इथे बोलतो तसं, आधी क, मग वेलांटी. पहिले पंधरा दिवस माझा वेग इतका पडला की गुपचूप जुन्या पद्धतीने कामं उरकली. कीबोर्डवर स्टिकर लावू नका, मान वर होतच नाही.

गुजराती काम आलं तेव्हा मेहनत वसूल झाली. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलली, तर बोटं होती तिथेच: ‘के’वर गुजराती क. ही मांडणी १९९१च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे, त्यामुळे बंगाली, तेलुगू, कन्नडलाही क त्याच जागी. तमिळ लिपीत ख नाहीच, तेवढं सोडा. उर्दूला मात्र यातलं काही उपयोगी नाही. उजवीकडून चाललेल्या ओळीत एखादा इंग्रजी शब्द आला की कर्सर कुठे उडी मारेल त्याचा नेम नाही.

मराठीची खोच वेगळीच. ‘दऱ्या’ लिहायला शिफ्ट-जेवरचा ऱ, मग ‘डी’वरचा हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य. साधा र घेतलात की ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात.

आणि जुने फॉन्ट! एकदा आलेली फाइल उघडली तर ‘किती’च्या जागी एफ, डी, आर, एच. त्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी चित्रं चढवलेली; फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. युनिकोड या मानकात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, तिथे ही भानगड नाही. ती चाळीस पानं मी पुन्हा टाइप केली, त्याच पैशांत. आता दर सांगण्याआधी मी फॉन्ट विचारते.