लायब्रऱ्या अपडेट करायला बसण्याआधी

नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचा) एखादा प्रोजेक्ट वर्षभर तसाच पडून असेल, तर त्यातल्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, अपडेट करायची कमांड सगळ्यात शेवटी चालवायची. त्याआधीचं काम जास्त असतं, आणि कंटाळवाणंही. दिवस आधी ठरवून टाका. मंगळवार-बुधवारची सकाळ बरी. शुक्रवारी दुपारनंतर नकोच, आणि क्लायंटचा डेमो असेल तर तो आठवडाच सोडा. कोडची वेगळी ब्रांच (स्वतंत्र शाखा) काढा आणि तिच्यात जाता जाता दुसरं काहीही सुधारू नका. नाहीतर काही मोडल्यावर दोष लायब्ररीचा की आपला, यावरच संध्याकाळ जाते.

मग आज आहे तो प्रोजेक्ट तरी धड चालतोय का, ते बघा. रिकाम्या फोल्डरमध्ये कोडची नव्याने प्रत उतरवून (क्लोन करून) एनपीएम सीआय चालवा, इन्स्टॉल नाही; एनपीएम म्हणजे नोडच्या लायब्रऱ्या, अर्थात पॅकेजेस, बसवणारं साधन. सीआय लॉक फाइलमध्ये (नेमक्या व्हर्जन्सची नोंद) लिहिलेलीच व्हर्जन्स बसवतं आणि पॅकेज डॉट जेसनशी (आपण मागवलेल्या लायब्रऱ्यांची यादी) ती फाइल जुळत नसेल तर जागीच थांबतं. थांबलं तर आधी ते निस्तरा. टेस्ट चालवा आणि आजच नापास होणाऱ्या टेस्ट लिहून ठेवा, म्हणजे उद्या त्यांचं खापर अपडेटवर फुटणार नाही. टेस्टच नाहीत? बऱ्याच ठिकाणी नसतात. मग लॉगिन, पेमेंट, बिलाची पीडीएफ, एक्सेल एक्सपोर्ट अशा हाताने तपासायच्या गोष्टी कागदावर उतरवा. सर्व्हरवर नोडचं कोणतं व्हर्जन आहे तेही बघून या. नोड १८ चा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्येच संपला. अजून तेच चालू असेल तर लायब्रऱ्यांच्या आधी नोडचा नंबर लागतो.

आता कोणत्या लायब्रऱ्या मागे पडल्यात ते दाखवणारी कमांड, एनपीएम आउटडेटेड. यात तीन रकाने नीट वाचायचे: करंट म्हणजे सध्या बसलेलं, वॉन्टेड म्हणजे तुम्ही आखलेल्या मर्यादेत मिळणारं, लेटेस्ट म्हणजे बाजारात आलेलं. ही मर्यादा पॅकेज डॉट जेसनमधल्या एका छोट्या चिन्हावर ठरते. ^१.४.२ असेल तर २.०.० च्या अलीकडचं काहीही चालतं, ~१.४.२ असेल तर १.४ च्या बाहेर जायचं नाही. आकडा शून्याने सुरू झाला की मात्र ^ ही टोपीही आखडते: ^०.४.२ ला ०.५.० चालत नाही. वॉन्टेड आणि लेटेस्ट यांत फरक दिसला की तिथे मर्यादेबाहेरची एक उडी बाकी आहे असं समजा.

ही झाली आपण मागवलेल्या लायब्रऱ्यांची यादी. खरी गर्दी त्यांनी मागवलेल्यांची असते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावामधल्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक उघड झालं, तेव्हा जावावाल्यांची निम्मी धावपळ 'हे आपल्याकडे आहे का आणि कुणी आणलं' हे शोधण्यात गेली. वर दुरुस्त्याही लागोपाठ आल्या: २.१५.०, २.१६.०, २.१७.०, २.१७.१, सगळ्या त्याच महिन्यात. नोडमध्ये एनपीएम एलएस आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की कोण कुणाच्या पाठून आलंय ते दिसतं. ही कमांड हातात बसलेली असू द्या.

सुरक्षेच्या माहीत असलेल्या त्रुटी मोजणारी एनपीएम ऑडिट ही कमांड चालवा, पण आकडा बघून घाबरू नका. बरंचसं फक्त बिल्डच्या वेळी (कोड चालवण्याजोगा तयार करताना) लागणाऱ्या पॅकेजमधलं असतं. ती पॅकेजेस वगळणारं ओमिट डेव्ह लावून पुन्हा बघितलं की यादी बहुधा आटते. त्रुटी आपोआप दुरुस्त करणाऱ्या ऑडिट फिक्सला फोर्स जोडायचं नाही. ते न विचारता मोठ्या व्हर्जनवर उडी मारतं.

क्रम असा ठेवा: सुरक्षेच्या दुरुस्त्या आधी, मग किरकोळ अपडेट एकगठ्ठा, आणि मेजर व्हर्जन (जिथे पहिला आकडा बदलतो) एकेक करून, प्रत्येकाचा वेगळा कमिट (बदलाची नोंद). मेजरच्या आधी चेंजलॉगमधलं (बदलांच्या यादीतलं) ब्रेकिंग चेंजेस, म्हणजे जुना कोड मोडणारे बदल, वाचायचं म्हणजे वाचायचंच. टर्मिनलवर अक्षरं रंगवणारं चॉक घ्या. पाचव्या व्हर्जनपासून ते फक्त ईएसएम (लायब्ररी आत घ्यायची नवी, इम्पोर्टवाली पद्धत) झालं, आणि जुन्या नोडवर रिक्वायर (जुनी पद्धत) लिहिलेला कोड तिथेच कोसळला. काम तेच, रंग तेच, तरी.

सगळ्यात ताजं व्हर्जन लगेच घ्यायची घाई मला पटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये याच चॉकची आणि डीबग नावाच्या दुसऱ्या लायब्ररीची विषारी व्हर्जन्स एनपीएमवर आली होती. सांभाळणाऱ्याला खोटा ईमेल पाठवून त्याचं खातंच पळवलं होतं. काही तासांत ती काढली गेली. आठवडाभर थांबणाऱ्यांना त्यांची झळच लागली नाही. अपडेट आपोआप सुचवणाऱ्या डिपेंडाबॉटमध्ये कूलडाउन (नवं व्हर्जन काही दिवस थांबवणं) लावता येतो, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात अडकत नाहीत. तो लावून टाका.

वारलेल्या लायब्रऱ्यांची यादी वेगळी करा. वेबवर विनंत्या पाठवणारी रिक्वेस्ट २०२० मध्येच बंद झाली. तारखा-वेळा हाताळणाऱ्या मोमेंटवाले स्वतःच सांगतात की नव्या प्रोजेक्टात आम्हाला घेऊ नका. यांना अपडेट नसतं, पर्याय असतो, आणि त्याचा अंदाज मॅनेजरला वेगळा द्यावा लागतो.

ब्रांच मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी (मर्ज) सध्या चालू असलेला बिल्ड परत चढवता येतो ना, हे एकदा खरंच करून बघा. लॉक फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) आला तर ओळी हाताने जुळवत बसू नका; पॅकेज डॉट जेसन तेवढं सोडवा आणि एनपीएम इन्स्टॉल चालवा, लॉक फाइल ते स्वतः जुळवून घेतं. मग पुन्हा सीआय, टेस्ट आणि तो कागद.