माहिती साक्षरतेचा तास वाया का जातो? ग्रंथपाल आणि प्राध्यापकांनी या चुका टाळाव्यात

कोल्हापुरातील महाविद्यालयांत प्रवेशाची गडबड ओसरली की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयात आणले जाते. देवघेव विभाग कोठे आहे, एका वेळी किती पुस्तके मिळतात, ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर, पुस्तक कसे शोधायचे, हे सारे एका तासात सांगितले जाते आणि वार्षिक अहवालात माहिती साक्षरतेचा, म्हणजे हवी ती माहिती शोधण्याचे, पारखण्याचे आणि श्रेय देऊन वापरण्याचे कसब शिकवण्याचा, कार्यक्रम झाल्याची नोंद होते. मी स्वतः बरीच वर्षे असे तास घेतले आहेत. त्याच विद्यार्थ्यांपैकी काही जण दुसऱ्या सत्रात प्रकल्पाचा विषय घेऊन काउंटरवर येत आणि "मॅडम, या विषयावर एखादं पुस्तक आहे का?" असे विचारत, तेव्हा त्या पहिल्या तासातले त्यांच्याजवळ काहीही उरलेले नसे. दोष त्यांचा नव्हता. त्या दिवशी त्यांच्यासमोर शोधण्यासारखा प्रश्नच नव्हता आणि गरज नसताना सांगितलेली कृती कोणाच्याही ध्यानात राहत नाही. ग्रंथालयाची ओळख करून देणे आवश्यक आहे, परंतु ती माहिती साक्षरता नव्हे. माहिती साक्षरता प्राध्यापकांनी दिलेल्या कामातून, त्या कामाच्या वेळी शिकवावी लागते, आणि म्हणून ग्रंथपालाचा सहभाग ते काम ठरवण्यापासूनच असावा लागतो.

"एक तास घ्या" एवढ्यावरच बोलणे थांबते

प्राध्यापक आपुलकीने बोलावतात, ग्रंथपाल होकार देतात, तासिका ठरते आणि दोघांचे बोलणे तेथेच संपते. सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी होते, असे माझे मत आहे. तास स्वीकारण्यापूर्वी ग्रंथपालांनी प्रकल्पाची लेखी सूचना मागून घ्यावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात: किती आणि कोणत्या प्रकारचे संदर्भ अपेक्षित आहेत, संदर्भांना अंतर्गत मूल्यमापनात गुण आहेत का, आणि मागील वर्षी विद्यार्थी नेमके कोठे अडले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्राध्यापकांकडेच असते. ते मिळाले की तासाचा निम्मा आराखडा तयार होतो.

एक उदाहरण घेऊ. भूगोलाच्या प्रकल्पासाठी 'कोल्हापूरचा महापूर' हा विषय दिला, तर विद्यार्थी वर्तमानपत्रांतील बातम्या आणि व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर एकत्र करून वीस पाने भरतो, कारण विषयात प्रश्नच नाही. हाच विषय ग्रंथपाल आणि प्राध्यापकांना अर्धा तास एकत्र बसून असा बांधता येतो: २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली किंवा आंबेवाडी या गावांतील एका वस्तीचे स्थलांतर केव्हा झाले आणि ते पाण्याच्या पातळीच्या तुलनेत वेळेवर होते का? आता विद्यार्थ्याला पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या नोंदी लागतात, तेथील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे हे समजून घ्यावे लागते, त्या दिवसांची स्थानिक वर्तमानपत्रे चाळावी लागतात आणि गावातील दोन-तीन जाणत्या माणसांशी बोलावे लागते. पातळीच्या बाबतीत शासकीय नोंद अधिक विश्वसनीय ठरते, पण गोठ्यातील जनावरे कधी सोडली आणि बचावाची होडी कधी आली हे त्या घरातील माणूसच सांगू शकतो. कोणाचे म्हणणे ग्राह्य धरायचे हे प्रश्नावर अवलंबून असते. अमेरिकेतील असोसिएशन ऑफ कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज या संघटनेने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या माहिती साक्षरतेच्या आराखड्यात सहा मूळ संकल्पना आहेत आणि त्यांतील एक नेमकी हीच आहे. ती व्याख्या म्हणून फळ्यावर लिहून दिली तर विद्यार्थी उतरवून घेतात, आणि चिखलीच्या पुराच्या निमित्ताने समोर आली तर त्यावर वाद घालतात.

शोध म्हणजे कोठे क्लिक करायचे, एवढेच शिकवले जाते

पडद्यावर शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा खुला ऑनलाइन संग्रह, उघडायची, चौकटीत शब्द टाकायचा, निकाल दाखवायचा आणि पुढच्या संकेतस्थळाकडे वळायचे, असा क्रम सर्रास दिसतो. शब्द निवडण्याचे कसब त्यात राहून जाते. वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी कोल्हापुरी गुळावर प्रकल्प करीत होती आणि "काहीच मिळत नाही" अशी तिची तक्रार होती. तिने चौकटीत 'गुळ' असा ऱ्हस्व उकार टाकला होता. दीर्घ उकाराचा 'गूळ' टाकला तेव्हा काही नोंदी आल्या, 'गुळाचे उत्पादन' असे टाकल्यावर वेगळ्या आल्या, 'गुऱ्हाळ' टाकल्यावर आणखी वेगळ्या, आणि इंग्रजीतील 'जॅगरी' टाकल्यावर कृषी आणि अर्थशास्त्रातील प्रबंध दिसू लागले. आपण बोलताना हा एकच विषय असतो, परंतु अक्षरे जुळवून पाहणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने हे पाच वेगवेगळे शब्द असतात. मराठीत विभक्तीमुळे शब्दाचे रूप पालटते, ऱ्हस्व-दीर्घ लेखनात एकवाक्यता नसते आणि मराठी विषयावरील संशोधन पुष्कळदा इंग्रजी शीर्षकाखाली असते. हे तीनही अडथळे आपल्या विद्यार्थ्यांपुढे रोज येतात आणि परदेशी नमुन्यावर बेतलेल्या सादरीकरणात त्यांचा उल्लेखही नसतो.

म्हणून तासाची पहिली पंधरा मिनिटे संगणक बंद ठेवून कागदावर शब्द काढण्यासाठी द्यावीत. येथे प्राध्यापकांची खरी गरज लागते, कारण विषयातील पारिभाषिक शब्द त्यांना माहीत असतात आणि ते शब्द यंत्रणेत कोणत्या रूपात नोंदले गेले आहेत हे ग्रंथपालांना माहीत असते. त्या विद्यार्थिनीला सरांनी भौगोलिक मानांकनाची, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणाऱ्या कायदेशीर ओळखीची (जीआय), आठवण करून दिली. कोल्हापुरी गुळाला ते २०१४ मध्ये मिळाले आहे. त्या एका शब्दाने तिच्यापुढे विपणनाची पूर्ण नवी बाजू उघडली. मला एकटीला ते सुचले नसते.

तास सुरू असताना प्राध्यापक वर्गात नसतात

ग्रंथपालांच्या हवाली वर्ग करून प्राध्यापक इतर कामाला गेले की हा तास अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असा अर्थ विद्यार्थी लावतात. प्राध्यापकांनी थांबावे, मध्ये बोलावे आणि प्रसंगी ग्रंथपालांशी मतभेदही व्यक्त करावा. एखादा संदर्भ चांगला की साधारण, यावर दोन शिक्षक आपल्यासमोर चर्चा करतात हे पाहण्यातून विद्यार्थी जे शिकतात ते स्लाइडवरून शिकवता येत नाही.

वाङ्मयचौर्याचा विषय फक्त धाक दाखवण्यापुरता येतो

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे, हे सांगितलेच पाहिजे. पण एवढेच सांगितले तर विद्यार्थी टक्केवारी खाली आणण्याच्या मागे लागतो, वाक्यातील शब्द बदलतो आणि मूळ लेखकाचे नाव तरीही देत नाही. यावर उपाय सोपा आहे. एकच परिच्छेद जसाच्या तसा अवतरणात कसा द्यायचा, स्वतःच्या शब्दांत कसा मांडायचा आणि दोन्ही वेळा श्रेय कसे द्यायचे, हे वर्गातच लिहून घ्यावे.

चॅटजीपीटीसारख्या साधनांमुळे एक नवी अडचण आली आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एका विद्यार्थ्याने आणलेल्या संदर्भसूचीत सात नोंदी होत्या. त्यांपैकी एका नोंदीतील नियतकालिक खरे होते, खंडाचा क्रमांकही खरा होता, परंतु दिलेल्या पानांवर भलत्याच विषयावरील लेख होता. त्याने काही लपवले नव्हते, यंत्राने दिलेली यादी खरीच असणार असे त्याने गृहीत धरले होते. त्यानंतर आम्ही अशी एक यादी वर्गात वाटून प्रत्येक नोंद मूळ ठिकाणी जाऊन पडताळण्याचे काम देऊ लागलो. लेख सापडेपर्यंत तो संदर्भ म्हणून लिहायचा नाही, हा नियम त्यांना त्या एका तासात पटतो.

ऐन वेळी काहीच उघडत नाही

महाविद्यालयांना ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके उपलब्ध करून देणाऱ्या एन-लिस्ट योजनेची खाती तयार करणे आणि चालू ठेवणे हे महाविद्यालयाकडूनच व्हावे लागते, त्यामुळे वर्गातील सर्वांची खाती आदल्या आठवड्यात तपासावीत. प्रयोगशाळेतील ज्या संगणकांवर विद्यार्थी बसणार आहेत तेथेच लॉगिन करून पाहावे, कारण ग्रंथपालांच्या टेबलावर चालते ते तेथे चालेलच असे नाही. तरीही नेटवर्क बंद पडले, तर शोधगंगा आणि इतर खुले स्रोत मोबाइलवरही पाहता येतात, म्हणून तासातील निदान एक कृती पासवर्ड न लागणाऱ्या स्रोतावर ठेवावी.

सुरुवात सगळ्यांपासून केली जाते

प्राचार्यांच्या परिपत्रकाने सर्व विभागांत एकदम उपक्रम सुरू केला की तो कोणाचाच राहत नाही. ज्यांना आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची खंत वाटते अशा एका प्राध्यापकांचा एक वर्ग घ्यावा. पुढच्या वर्षी शिक्षक कक्षात त्यांनी सहज काढलेला विषय परिपत्रकापेक्षा लवकर पोहोचतो.

हजेरी मोजली जाते, संदर्भसूची वाचली जात नाही

अभिप्राय अर्जातील "तास उपयुक्त वाटला" या खुणेवरून विद्यार्थी शोधायला शिकला का, हे कळत नाही. प्रकल्प जमा झाल्यावर ग्रंथपाल आणि प्राध्यापकांनी एकत्र बसून दहा संदर्भसूची वाचाव्यात. किती नोंदी खरोखर सापडतात, किती लेख पूर्ण वाचलेले वाटतात, मराठी स्रोत आले आहेत का, आणि मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही असे संदर्भ केवळ यादी वाढवण्यासाठी घातले आहेत का, एवढे पाहिले तरी पुरते. पहिल्या वर्षी आम्ही असे बसलो तेव्हा बहुतेक सूचींत फक्त संकेतस्थळांचे पत्ते होते, लेखकाचे नाव आणि वर्ष क्वचितच होते. प्राध्यापकांनी त्याच दिवशी पुढील वर्षाच्या प्रकल्पाच्या सूचनेत एक ओळ वाढवली: प्रत्येक संदर्भाखाली तो कोठे सापडला आणि का निवडला, हे दोन वाक्यांत लिहावे, त्यास ५ गुण राहतील.